पुसण्याआधी वाचा : काळ्या ट्रंकेतला पिठ्ठू, पाऊच आणि पट्टा

दिवाळीची साफसफाई निघते आणि माळ्यावरची काळी ट्रंक खाली येते. झाकणावर पांढऱ्या रंगात क्रमांक, हुद्दा आणि नाव लिहिलेले असते. आत खाकी जाड पट्ट्यांचा गुंता, पितळी बकला, खोक्यासारखे दोन पाऊच, लोकरी कापडात शिवलेली पाण्याची बाटली आणि पाठीवरचा पिठ्ठू असतो. मग घरात प्रश्न सुरू होतात. हे खरेच आजोबांचे का? धुवायचे का? घरात ठेवणे गुन्हा तर नाही? परदेशातल्या पुतण्याला पाठवता येईल का? कोणाला दिले तर नीट राहील?

गुरसरायसारख्या गावातल्या मराठी घरांत हा गोंधळ जास्त असतो, आणि त्याला कारण आहे. झाशी जिल्ह्यातल्या गरौठा तहसिलीतले हे गाव पेशव्यांच्या बुंदेलखंडातल्या कारभारामुळे दक्षिणी जहागीरदारांचे ठाणे झाले. झाशी आणि बबीना इथे छावण्या आहेत, सागरला महार रेजिमेंटचे केंद्र आहे, आणि सैन्याचे चामडी व कापडी साहित्य बनवणारे कानपूर फार लांब नाही. त्यामुळे एकाच माळ्यावर तीन काळ एकत्र सापडू शकतात: पेशवाईतल्या शिपायाचे तोसदान, महायुद्धातला पट्टा आणि १९७१ च्या आसपासचा पाऊच. सगळ्याला घरात ‘पणजोबांचे’ म्हटले जाते. ते वेगळे कसे करायचे, सांभाळायचे कसे आणि कायद्याच्या बाबतीत कुठे जपायचे, हे इथे क्रमाने सांगतो.

पहिले काम: खिसे तपासा, पण घाई करू नका

पायदळाचे पाऊच काडतुसे आणि हातबाँब वाहण्यासाठीच बनलेले होते. त्यामुळे ट्रंक उघडताना मुलांना दूर ठेवा आणि प्रत्येक पाऊच आधी बाहेरून हलक्या हाताने चाचपा.

- आत जड, लांबट किंवा गोल धातूची वस्तू लागली तर पाऊच उघडू नका, हलवू नका, उपडा करू नका. खोली रिकामी करा आणि ११२ वर फोन करा.
- काडतूस दिसले तर ‘इतके जुने आहे, आता काय उडणार’ असे समजू नका. जुनी दारू अधिक बेभरवशाची असते.
- रिकामी पुंगळी सापडली तरी ती पोलिसांना दाखवूनच ठेवा. जिवंत काडतूस विनापरवाना बाळगणे हा गुन्हा आहे. तुम्ही स्वतःहून कळवले, ही नोंद तुमच्याच उपयोगाची असते.
- बाटलीत पाणी भरून पाहू नका आणि तिच्यातून पिऊ तर अजिबात नका. आतला गंज आणि उडालेले एनॅमल पोटात जाईल.

दुसरे काम: पुसण्याआधी वाचा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. या साहित्याची खरी किंमत पितळाच्या चकाकीत नाही, पट्ट्याच्या आतल्या बाजूला पुसट झालेल्या शाईत आहे. तिथे शिपायाचा क्रमांक असतो, कधी नावाची अक्षरे, कधी पलटणीची खूण, आणि बनवल्याचे साल. साबणाच्या एका धुण्यात ती शाई जाते आणि मग तो पट्टा कोणाचाही होतो.

म्हणून असे करा:

१. जमिनीवर धुतलेली पांढरी चादर पसरा. हात धुऊन कोरडे करा. वस्तू ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने मांडा.

२. एकमेकांना जोडलेले पट्टे लगेच सोडवू नका. शिपायाने स्वतःच्या मापाला ते कसे लावले होते, हाही पुरावा आहे. आधी फोटो काढा.

३. प्रत्येक वस्तूचे चार फोटो घ्या: पुढून, मागून, आतल्या बाजूने आणि शिक्क्याचा जवळून. शिक्का पुसट असेल तर टॉर्चचा उजेड बाजूने तिरका टाका, अक्षरे वर येतात.

४. एका वहीत वस्तू, शिक्का, साल, क्रमांक आणि सापडल्याची जागा लिहा. न कळलेले अक्षर अंदाजाने भरू नका, रिकामी चौकट ठेवा.

५. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाजवळ बसा आणि फोनवर त्यांचे बोलणे रेकॉर्ड करा. ‘ते कुठल्या पलटणीत होते’ हा प्रश्न अवघड वाटतो. ‘पत्र कुठून यायचे?’, ‘सुटीवर येताना कुठल्या स्टेशनवर उतरायचे?’, ‘पेन्शन कुठून यायचे?’ असे विचारा.

वस्तूवर कायमची शाई, चिकटपट्टी किंवा स्टेपल नको. पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी सुती दोऱ्याने बांधा.

कोणत्या काळचे? एका नजरेत ओळख

सैन्यात पायदळाच्या साहित्याचा एक ठरलेला संच असतो आणि तो ज्या वर्षी मंजूर झाला त्या सालाने ओळखला जातो. आपल्याकडे मुख्यतः हे सापडते:

- पेशवाई आणि त्यानंतरचा काळ. दारूची काडतुसे ठेवायचे चामडी तोसदान, शिंगापासून केलेली दारूची शिंगडी, खांद्यावरून तिरके जाणारे पडदळे, शिध्याची पडशी. यावर शिक्का, साल किंवा क्रमांक बहुधा नसतो. कारागिरी हाताची असते, दोन बाजू तंतोतंत सारख्या नसतात.
- १९०३ चा चामडी संच. छातीवरून तिरका जाणारा चामड्याचा पट्टा आणि त्यावर पाच खिसे. एका खिशात १० याप्रमाणे ५० काडतुसे बसत. पहिल्या महायुद्धात भारतीय पलटणींकडे हा संच होता. खिसे नऊ असतील तर तो पट्टा घोडदळाचा समजा.
- १९०८ चा कापडी संच. कमरेच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच लहान पाऊच, खाली तीन आणि वर दोन. प्रत्येकात १५, म्हणजे एकूण १५० काडतुसे. नुसत्या काडतुसांचेच वजन पावणेचार किलोच्या आसपास होते. हा संच दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या काळापर्यंत वापरात राहिला.
- १९३७ चा कापडी संच. मराठी घरांत सर्वांत जास्त हाच सापडतो. पुढे दोन मोठे, खोक्यासारखे पाऊच असतात. ब्रेन मशीनगनची मॅगझिने, काडतुसे किंवा हातबाँब, काहीही त्यात मावावे म्हणून ते तसे केले. सोबत कमरपट्टा, खांद्यावरचे दोन पट्टे, पाठीवरचा छोटा पिठ्ठू, बाटलीचा सांगाडा आणि संगीन अडकवायचा फ्रॉग असतो. जुलै १९४४ मध्ये इटलीत नाईक यशवंत घाडगे आणि एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीकाठी शिपाई नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, तो याच संचाच्या काळात. स्वातंत्र्यानंतरही आपल्या सैन्यात तो कितीतरी वर्षे चालला.
- १९४४ चा हिरवा संच. ब्रह्मदेशासारख्या दमट जंगलासाठी केलेला, हिरव्या रंगाचा आणि वजनाला हलका. आपल्याकडे कमी सापडतो.

अधिकाऱ्याचे साहित्य वेगळे दिसते. मोठ्या पाऊचांऐवजी पिस्तुलाचे घर, होकायंत्राची डबी आणि दुर्बिणीची पिशवी असते.

खुणा वाचताना नेहमी होणाऱ्या चुका

- बाणाची खूण म्हणजे बंदुकीचा कारखाना नव्हे. तीन रेघांचा बाण ही सरकारी मालमत्तेची खूण आहे. बाणासोबत रोमन ‘आय’ असेल तर वस्तू भारतात स्वीकारलेली आहे.
- ‘सी’ म्हणजे कानपूर नव्हे. बुंदेलखंडात ही चूक हमखास होते, कारण इंग्रजीत कानपूरचे जुने स्पेलिंग ‘सी’पासून सुरू होते. बाणाला वेढणारा ‘सी’ ही कॅनडाची खूण आहे. महायुद्धात माल देशोदेशी फिरला. कॅनडात विणलेला पट्टा मराठा शिपायाच्या कमरेला असणे अजिबात अशक्य नाही.
- शिक्क्यावरचे साल म्हणजे बनवल्याचे साल. १९४२ चा पट्टा १९६५ मध्येही कुणाच्या तरी कमरेला असेल. साल पाहून लढाई ठरवू नका.
- मोठ्या पिठ्ठूवरून काळ ठरवू नका. १९०८ चा मोठा पिठ्ठू जवळपास तसाच १९३७ च्या संचातही राहिला.
- एका पट्ट्यावर दोन-तीन क्रमांक असू शकतात. साहित्य जमा होई आणि पुढच्या शिपायाला मिळे. खोडलेला क्रमांक आधीच्या माणसाचा असतो. तोही लिहून ठेवा.
- क्रमांकाआधीची अक्षरे महत्त्वाची. ‘जेसी’ असेल तर तो सुभेदार-जमादार दर्जाचा माणूस आणि काळ स्वातंत्र्यानंतरचा. ‘आयसी’ असेल तर तो अधिकारी.
- क्रमांक घरच्या माणसाचा नसेल तर निराश होऊ नका. युद्धानंतर असे पट्टे डिस्पोजलच्या बाजारात ढिगाने आले आणि शेतकरी, टांगेवाले, शाळकरी मुले ते वापरू लागली. तुमच्या आजोबांनी तो विकत घेतला असेल, तर तीही त्या घराची खरी गोष्ट आहे. तिला युद्धाची गोष्ट बनवू नका.

माणूस शोधायचा कसा?

१. घरातले कागद. डिस्चार्ज बुक, पेन्शनचे पुस्तक, मनीऑर्डरच्या पावत्या. पदके असतील तर त्यांची कड पाहा. भारतीय सैनिकांच्या पदकांवर क्रमांक, नाव आणि पलटण बहुधा कोरलेली असते. पट्ट्यावरचा क्रमांक त्याच्याशी जुळला की बाकी वाद मिटतो.

२. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. झाशीत हे कार्यालय आहे आणि महाराष्ट्रातही जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. माजी सैनिकाच्या वारसाने कोणत्या अभिलेख कार्यालयाला लिहायचे, ते इथे सांगतात.

३. रेजिमेंटचे अभिलेख कार्यालय. मराठा लाइट इन्फन्ट्रीसाठी बेळगाव, महार रेजिमेंटसाठी सागर. पत्रात क्रमांक, पूर्ण नाव, वडिलांचे नाव, त्या काळचे गाव-तहसील आणि अंदाजे वर्षे लिहा. इंग्रजी कागदांत नावांची अक्षरे बदललेली असतात, म्हणून नाव दोन-तीन प्रकारे लिहून द्या.

४. युद्धात मरण पावलेल्यांसाठी. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची नामसूची सर्वांना खुली आणि मोफत आहे. महायुद्धांत गेलेल्या भारतीय शिपायांची नावे पुण्यातल्या खडकीच्या, इराकमधल्या बसऱ्याच्या आणि फ्रान्समधल्या नव-शापेलच्या स्मारकांवर नोंदलेली आहेत.

सांभाळायचे कसे?

बुंदेलखंडाचा उन्हाळा पत्र्याखालची ट्रंक भट्टीसारखी तापवतो आणि लगेच पावसाळा तिच्यात ओल भरतो. हा चढउतार वस्तूला नुसत्या जुनेपणापेक्षा जास्त मारतो. म्हणून माळा आणि गच्चीवरची खोली टाळा. घराच्या मधल्या खोलीतले, बाहेरच्या भिंतीला न लागलेले कपाट चांगले.

- कापडी पट्टे आणि पाऊच: धुवू नका, इस्त्री करू नका, उन्हात वाळत घालू नका. मऊ ब्रशने धूळ झटका. व्हॅक्यूम क्लीनर वापरायचा असेल तर नळीच्या तोंडावर जाळीचे कापड बांधा आणि जोर कमी ठेवा. पट्ट्यांवर हिरवट-खाकी पूड दिसेल. ती घाण नाही, शिपाई स्वतः लावत असे तो ब्लँको आहे. तो तसाच राहू द्या.
- पितळी बकला: ब्रासो, चिंच, लिंबू, पितळ उजळायची पावडर यांपैकी काहीही नको. पॉलिश कापडात झिरपते, पांढरे डाग पडतात आणि धातूवरचे बारीक शिक्के झिजतात. कोरड्या सुती कापडाने पुसणे पुरे. हिरवट थर कापडाला लागत असेल तर मध्ये पातळ कागद ठेवा.
- चामडे: खोबरेल, मोहरीचे तेल, तूप, बुटाचे पॉलिश यांनी चामडे दोन दिवस छान दिसते आणि मग काळे, चिकट होते. बुरशीलाही ते आमंत्रण आहे. चामड्यातून तांबडी पूड गळत असेल तर तो आतून झालेला ऱ्हास आहे. अशी वस्तू वाकवू नका, आडवी ठेवा आणि तज्ज्ञाला दाखवा.
- लोकर: बाटलीचे आवरण आणि पायाला गुंडाळायच्या पट्ट्या लोकरीच्या असतात. कसर आधी तिथेच लागते. लोकरी वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवल्या तर किडे आणि अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण दिवसभर उघडू नका, नाहीतर आत पाणी सुटेल. बाटली आवरणातून सहज निघत नसेल तर हा उपाय करू नका.
- बुरशी: नाकाला मास्क लावून, घराबाहेर सावलीत, कोरड्या ब्रशने काढा. ओल्या कपड्याने पुसली तर ती आत मुरते.
- ठेवण: पट्टे घडी न घालता सैल गुंडाळा. पाऊचात चुरगळलेला पांढरा कागद भरा म्हणजे आकार राहील. वर्तमानपत्र नको, त्याची शाई आणि आम्ल दोन्ही उतरतात. धुऊन खळ काढलेल्या मलमलीत गुंडाळा. डांबरगोळ्या वस्तूला टेकू देऊ नका. सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्याआधी बदला.

वस्तू फारच नाजूक असेल तर स्वतः दुरुस्त करू नका. लखनौला केंद्र सरकारची सांस्कृतिक वारसा संवर्धनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाचे संवर्धन केंद्र आहे. पत्रासोबत फोटो पाठवून आधी सल्ला घ्या.

कायदा: काय चालते, काय चालत नाही

- जुना पट्टा, पिठ्ठू, बाटली घरात ठेवणे हा गुन्हा नाही.
- संगीन ही वेगळी गोष्ट आहे. शस्त्र कायदा १९५९ आणि २०१६ चे शस्त्र नियम यांत संगिनीचा समावेश शस्त्रांत होतो. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची शस्त्रे त्या वर्गात येतात. ती बाळगायला परवाना लागतो की नाही हे त्या भागाला लागू असलेल्या अधिसूचनेवर अवलंबून असते. म्हणून पोलीस ठाण्यात किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारा, आणि तोवर ती मिरवणुकीत किंवा फोटोसाठी बाहेर काढू नका.
- अंगावर घालणे: सैनिक असल्याचा समज व्हावा या हेतूने सैनिकासारखा पोशाख किंवा खूण वापरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. नाटक किंवा शाळेचा कार्यक्रम असेल तर साहित्य कार्यक्रमाच्या जागीच घाला आणि तिथेच उतरवा.
- परदेशी पाठवणे: १०० वर्षे किंवा त्याहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली पुरावस्तू ठरते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे पहिल्या महायुद्धातला १९१६ चा पट्टा पुतण्याला कुरियर करता येणार नाही. १९४३ चा पट्टा पुरावस्तू नाही, पण कस्टममध्ये ते सिद्ध करायला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे ‘पुरावस्तू नाही’ असे प्रमाणपत्र हाती असलेले बरे. २०२० पासून झाशीत सर्वेक्षणाचे स्वतंत्र मंडळ आहे. चौकशी तिथून सुरू करा.
- पुरावस्तूंचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. दारावर येऊन ‘जुने मिलिटरीचे आहे का’ विचारणाऱ्याला आधी तो परवाना मागा.

ठेवायचे, द्यायचे की विकायचे?

घरात ठेवणार असाल तर एका माणसाकडे जबाबदारी द्या आणि वहीची व फोटोंची प्रत सगळ्या भावंडांना पाठवा. एकाला पट्टा, दुसऱ्याला पाऊच, तिसऱ्याला बाटली अशी वाटणी करू नका. संच फुटला की पुरावा फुटतो.

संग्रहालयाला देणार असाल तर झाशीचे शासकीय संग्रहालय किंवा संबंधित रेजिमेंटचे केंद्र यांना आधी पत्र लिहा. वस्तू घेऊन थेट दारात जाऊ नका. या गोष्टी लेखी मागायला संकोच करू नका:

- देणगी आहे की ठरावीक मुदतीसाठी दिलेली वस्तू, याचे स्पष्ट पत्र
- प्रत्येक वस्तूचा नोंद क्रमांक
- सैनिकाचे नाव आणि गाव फलकावर लागेल का, याचे उत्तर
- तुमच्या वहीची प्रत वस्तूसोबत जतन होईल, याची खात्री

सगळ्या वारसांची लेखी संमती घेतल्याशिवाय देणगीपत्रावर सही करू नका.

विकणार असाल तर डिस्चार्जचे कागद, पदके आणि पट्टा वेगवेगळे विकू नका. घेणारा फक्त पितळ तोलत असेल तर तो तुमचा ग्राहक नव्हे.

विकत घेत असाल तर

नाटक-सिनेमासाठी आणि परदेशी हौशी मंडळींसाठी या साहित्याच्या नकला आजही बनतात. नक्कल घेणे वाईट नाही, पण खऱ्याच्या भावाने घेऊ नका.

- सगळ्या पट्ट्यांचा रंग एकसारखा आणि ताजा असेल तर सावध व्हा. खऱ्या संचात प्रत्येक तुकडा वेगळा झिजतो: कमरपट्टा बकलेजवळ, खांद्याचा पट्टा वळणावर.
- शिक्का ठसठशीत काळा आणि कापड मळके, ही जोडी संशयास्पद आहे.
- अतिनील किरणांच्या छोट्या टॉर्चखाली दोरा निळसर-पांढरा चमकला तर तो हल्लीचा असण्याची शक्यता वाढते. नंतरच्या दुरुस्तीचा दोराही चमकतो, म्हणून एवढ्यावरच निकाल देऊ नका.
- सैन्याचा सध्याचा छद्मरंगी गणवेश किंवा चालू वापरातले साहित्य कोणी ‘जुने’ म्हणून विकत असेल तर घेऊ नका.

आज रात्री करायचे काम

सगळे एका दिवसात होणार नाही आणि व्हायची गरजही नाही. आज फक्त एवढे करा: पट्टा उलटा धरा, टॉर्च तिरका टाका आणि दिसतील ते आकडे वहीत उतरवा. बकल चकचकीत करायला पुढची शंभर वर्षे आहेत. त्या आकड्यांवरून ‘हे आमचे आजोबा’ म्हणून बोट दाखवू शकणारे माणूस मात्र घरात आज बसलेले आहे. वही घेऊन आधी त्यांच्याकडे जा.